मालकांची सही

मंगळवार, १८ नोव्हेंबर २०२५. सकाळी १०.४०

माझी गाडी माझ्या डोळ्यांसमोरून निघून गेली. वेळ लिहून ठेवते, पुढे पुरावा लागेल. हिंगोलीचा बायपास, दहा वाजून चाळीस मिनिटं. मी इस्त्रीची साडी नेसून, शेवंतीचा हार घेऊन रस्त्याच्या कडेला उभी. कोइमतूरहून पाच दिवस चालत आलेला ट्रेलर, त्याच्या वरच्या मजल्यावर माझी हिरवट फियाट, मॉडेल १९६८. मी हात केला. ड्रायव्हरनेही हात केला आणि पुढे गेला.

दुपारी १.१५

हेल्पलाइनवर शीतल नावाची मुलगी. आवाज गोड, म्हणजे मदत होणार नाही. एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली आहेत, आवाजावरून माणूस ओळखते. म्हणाली, एवढा लांब ट्रेलर गावात वळत नाही मॅडम, गाडी कनेरगाव नाक्यावर उतरवली आहे, मालकांनी येऊन सही करावी. मी म्हटलं, येते. तिने विचारलं, मालक अमृतराव सर ना? मी फोन ठेवला. नेटवर्क खराब होतं.

१९ नोव्हेंबर

खुलासा. अमृतरावांना जाऊन अकरा महिने झाले. गाडी मी ऑगस्टमध्ये फोनवर सौदा करून घेतली. फॉर्मवर 'मालकाचे नाव' असा रकाना होता. त्यात चाळीस वर्षं जे नाव लिहीत आले तेच लिहिलं. रेशनकार्ड, गॅस, प्रज्ञेशची शाळा, या घरातला प्रत्येक फॉर्म मीच भरला, कारण नवऱ्याचं अक्षर म्हणजे शाईत बुडालेली कोंबडी. सह्याही मीच करत असे. त्यांची सही त्यांच्यापेक्षा मला चांगली येते. मोबाइल नंबरही त्यांचाच दिला. याला चूक म्हणणाऱ्यांनी आधी स्वतःचे फॉर्म स्वतः भरून दाखवावेत.

प्रज्ञेशचा पुण्याहून फोन. आई, कंपनीला डेथ सर्टिफिकेट पाठव, विषय संपला. मी सांगितलं, ते कपाटात आहे आणि कपाट जाम झालंय. म्हणाला, डिसेंबरपासून जाम आहे? मुलगा वकील झाला की असं बोलतो.

२० नोव्हेंबर

निश्चय: १४ डिसेंबरला, म्हणजे पहिल्या स्मृतिदिनी, गाडी शिरड शहापूरला जाणारच.

ते त्यांचं गाव. दहा वर्षांचे असताना तिथे कुणा पाहुण्याची फियाट चिखलात रुतली होती. वस्तीतल्या पोरांनी ढकलून काढली. निघाली तेव्हा पाहुण्याने घागरभर पाणी मागवलं आणि पोरांचे हात लागले होते तेवढी जागा धुऊन घेतली. अमृतराव हे रागाने कधी सांगत नसत. एवढंच म्हणायचे, एकदा असल्याच गाडीत मागच्या सीटवर बसून, काच खाली करून गावात जायचं. जन्मभर स्कूटर चालवली. मागच्या सीटवर मी.

२१ नोव्हेंबर

कनेरगाव नाका. धाब्यामागच्या कुंपणात गाडी. धाबा भावसिंगचा, कंपनीच्या गाड्यांची राखणही त्याच्याकडेच. किल्ली कमरेला. मी म्हटलं, गाडी न्यायला आले आहे. तर म्हणाला, "मंग मालकाला बोलवा की बाई, सही करून घ्या. सकाळपासून मागच्या सीटवर बसून राहिलेत. म्या म्हणलं उतरा, तर उतरंनात."

मी पाहिलं. कोणी नाही. सीटला एका जागी खळगा. जुन्या स्प्रिंगा.

भावसिंगची आई नर्मदाबाई. तिने बॉनेटवर चहाचा कप ठेवला होता. "तकलीफ न्हाई देत बिचारा," म्हणाली. "काच तेवढी खाली करा म्हणला."

आमच्या घराण्यात भुतं १९५६ सालीच बंद झाली. तसं मी तिला स्पष्ट सांगितलं. फक्त रेकॉर्डसाठी शर्टाचा रंग विचारला. निळा, खिशाला दोन पेनं. निळा शर्ट कुणाकडेही असतो. दोन पेनंही असतात.

किल्ली मिळाली नाही. मालकांच्या नंबरवर ओटीपी येणार, तो सांगायचा, मग सही.

२४ नोव्हेंबर

अमृतरावांचा रिचार्ज मी फेब्रुवारीत बंद केला होता. त्यांना आता कोण फोन करणार, असा साधा हिशोब. आज सकाळी अकराला तो नंबर लावला. 'अस्तित्वात नाही' असं ऐकायची तयारी होती.

रिंग गेली. पुरुषाचा आवाज: "बोला."

मी ठेवला. वीस मिनिटं खुर्चीवर बसले. गुडघ्यामुळे.

पुन्हा लावला. गुलाबसिंग, कळमनुरीकडच्या तांड्यावरचा, शेळ्या पाळतो. नवं सिम घेतलं तर त्याला हाच नंबर मिळाला. म्हणाला, "लई लोक अमृतरावाला इचारत्यात बाई. बँकवाले, पेन्शनवाले, एक मैतर तर रोज सकाळी गुड मॉर्निंग धाडतो. म्या बी धाडतो परत, मानसाला वाईट नगं वाटाया. गेले कुठं हे अमृतराव?"

बाहेरगावी, मी म्हटलं.

"मंग आले की सांगा. नंबर देऊन टाकतो. दुसऱ्याची चीज आपल्यापाशी काहून ठेवायची?"

इतक्या सज्जन माणसाशी भांडताच येत नाही. दिवस वाया.

२ डिसेंबर

पूर्ण तयारीनिशी कनेरगाव. आदल्या दिवशी फोनवर ठरल्याप्रमाणे गुलाबसिंगने ओटीपी सांगितला, दोनदा, शेळी ओरडल्यामुळे. मालकांची सही मी केली. अप्रतिम झाली. मग भावसिंगच्या मोबाइलवर नवीन फर्मान: मालकांनी कॅमेऱ्यासमोर यावे आणि डोळे मिचकवावेत.

माझ्या पर्समध्ये त्यांचा पोस्टकार्ड साइझ फोटो असतो. तो धरला. मोबाइल म्हणाला, डोळे मिचकवा. फोटो मिचकवेना. दहा मिनिटं धरून उभी होते, हात बदलून बदलून. भावसिंग खाली मान घालून म्हणाला, उजेड कमी हाय बाई, म्हणून घेत न्हाई. वर लख्ख ऊन.

५ डिसेंबर

निश्चय: कनेरगावला पुन्हा जायचं नाही.

दुपारी गेले. भावसिंगने गाडी हलवायची नाही या अटीवर बसू दिलं. पुढे बसले. मागे वळून पाहिलं नाही, मान आखडली आहे. मागची काच खाली होती. आत त्यांच्या खोबरेल तेलाचा वास. कोइमतूरकडे सगळेच खोबरेल लावतात.

अर्धा तास बसले. कंपनीचा नालायकपणा मोठ्याने बोलून दाखवला. मध्येच "हो ना?" असं विचारलं गेलं. ते भावसिंगला उद्देशून होतं. तो तेव्हा तव्यावर होता.

नर्मदाबाईने दोन कप चहा आणला. मी एक प्यायले. दुसरा कपही रिकामाच परत गेला. माश्या फार आहेत तिकडे.

८ डिसेंबर

शीतलचा फोन. चौदा तारखेपर्यंत मालक आले नाहीत तर गाडी परत कोइमतूरला. मी तिला नियम, कायदा, ग्राहक मंच, सगळं ऐकवलं. ऐकून घेतलं तिने. मग हळूच म्हणाली, "मॅडम, एक विचारू? सर आहेत ना?"

"लाइन कट झाली आहे," मी म्हटलं. एक्स्चेंजची जुनी सवय. ती पलीकडे तशीच थांबून होती, श्वास ऐकू येत होता. मीही ठेवला नाही. मग म्हणाली, एक ओळीचं पत्र पुरेल मॅडम, बाकीचं मी बघते.

गोड आवाजांबद्दलचा माझा अंदाज कधी कधी चुकतो. क्वचित.

१० डिसेंबर

एक ओळ लिहायला बसले. सकाळी नऊ ते बारा. कॉन्व्हेंटमध्ये निबंधाला पहिलं बक्षीस असायचं माझं. दुपारी डाळ करपली. लिहिलं काही नाही.

प्रज्ञेशला फोन केला. मयत लिहितात की कालकथित, एवढंच विचारायचं होतं. तो म्हणाला, आई, मी येऊ का? मी म्हटलं, शब्द विचारलाय, माणूस नाही मागितला.

११ डिसेंबर. सकाळी ७.००

कपाट उघडलं. जाम नव्हतं. खालील पत्र रजिस्टर्ड एडीने न पाठवता शीतलच्या मोबाइलवर पाठवले. नक्कल इथे ठेवते.

महोदय,

आपल्या कनेरगाव नाक्यावरील आवारात उभ्या असलेल्या, १९६८ मॉडेलच्या हिरव्या फियाटचे मालक म्हणून नोंद असलेले श्री. अमृतराव हे माझे पती. ते १४ डिसेंबर २०२४ रोजी सकाळी सहा वाजून वीस मिनिटांनी मरण पावले. दाखला जोडला आहे. त्यामुळे ते सहीला येऊ शकणार नाहीत. यापूर्वीची सही माझी आहे.

गाडी रविवारी शिरड शहापूरला न्यायची आहे. मी ड्रायव्हरशेजारी बसेन. मागच्या सीटवर जे कोणी बसलेले आहेत त्यांना कृपया उठवू नये, आणि काच वर करू नये.

याचे लेखी उत्तर शनिवार, दिनांक १३ डिसेंबर, संध्याकाळी पाचच्या आत मिळाले पाहिजे.

करुणा अमृतराव
(सही माझी स्वतःची)