बिजाचा कोसा

आई,

काल आठवीच्या वर्गात फळ्यावर मधोमध रेघ ओढली. एका बाजूला पुन्हा निर्माण होणारी संसाधनं, दुसऱ्या बाजूला संपणारी. मुलं सांगत होती, मी लिहीत होते. कोळसा आणि मँगनीज एकीकडे गेले, ऊन-वारा दुसरीकडे. मागच्या बाकावर एक मुलगी आहे, वडील वरठीच्या कारखान्यात जातात, पण आजोळ आपल्या आंधळगावचं. ती उभी राहिली. "मॅडम, कोसा कोन्या बाजूनं लिहू?" मी खडू उचलला. शेजारचा म्हणाला, "किड्याचं रेशीम असते न तो, परत होते." ती त्याच्यावर उसळली, "सप्पाच उकळून टाकला त कुठून होते बे?" वर्ग हसला. मी कोसा रेघेवरच लिहिला, अर्धा इकडे, अर्धा तिकडे. बेल झाली. पुसायचं राहून गेलं.

तुझ्याकडे फळा नव्हता, टोपल्या होत्या. थंडी सरता सरता मामा सायकलवर पोतं बांधून आंबागडकडच्या जंगलातून यायचा. तो आपल्या नात्यातला नव्हता. येनाच्या झाडांवर कोशाचे किडे पाळायचा, पक्ष्यांपासून दिवसभर राखायचा, आणि तयार झालेला माल आपल्याला विकायचा. पोतं रिकामं झालं की तू अंगणात बसतेस. एकेक कोसा कानाजवळ हलवतेस, अंगठ्यानं दाबतेस. घट्ट आहेत ते एका टोपलीत, ते उकळून मांडीवर सूत काढायचं. मुंग्यांनी पोखरलेले दुसरीत, त्यांचं जाडंभरडं सूत. आणि तिसरीत सगळ्यांत जड, सगळ्यांत देखणे. त्यांच्या देठांना दोरा बांधून तू माळा करतेस आणि मागाच्या खोलीत आढ्याला टांगतेस. तिथे मातीच्या भिंतींमुळे वैशाखातही गार असतं. पाऊस लागला की त्यांतून पाखरं निघायची, अंडी घालायची, आणि ती अंडी मामा पानांच्या द्रोणांत ठेवून जंगलात परत न्यायचा.

बीज खरं त्यानं राखायचं. पण उन्हाळ्यात घरात दाणा नसला की तो बीजही विकून टाकायचा. एका साली तसंच झालं, आणि पुढच्या थंडीत त्याचं पोतं आलंच नाही. तेव्हापासून बीज तू राखू लागलीस. विकत घेतलेल्या मालातला सर्वांत चांगला माल तू परत द्यायचीस. बाबांना ते कधी पटलं नाही.

माझं लग्न ठरलं तेव्हा गोंदिया नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. गावात त्याची चर्चा होती, आपल्या घरात शालूची. तो तू स्वतः विणणार होतीस. मागावर उभं सूत लागलं. मी सकाळी उठून आधी तिथे जायचे. कोशाचा रंग मधासारखा म्हणतात. पहाटे तो रंग नसतो. धाग्यांवर नुसता उजेड थांबलेला असतो, आणि त्याच्या मागे तू असतेस, अर्धी दिसणारी, पाय खड्ड्यात सोडून बसलेली. धोटा जातो, येतो. मला वाटायचं, तू मला विणते आहेस.

करवती काठ उठले, अंग भरत आलं. पदराशी आडवं सूत संपलं. मामाकडे माल नव्हता, गावात कोणाकडेच नव्हता. लग्न तोंडावर आलेलं.

बाबा दारात उभे राहून म्हणाले, "अवो, ते माळ उतरव खाली."

"ते बिजाचं आहे."

"बीज त्याले पाह्यजे. आपल्याले शालू पाह्यजे."

"अन् पुढच्या साली? तुमच्या मागाले फुटते काय कोसा?"

"पोरीचं लगन काय दरसाल होते?"

तू वळलीस. माझ्याकडे पाहिलंस. "तूच सांग वो माय. तू म्हनशीन तसं."

मी वर पाहिलं. माळा अजिबात हलत नव्हत्या. मी काहीच बोलले नाही, आणि तू तेच माझं उत्तर मानलंस. दुसऱ्या दिवशी पदर लाल सुतानं भरायला घेतलास. अंग कोशाचं, पदर सुती.

मांडवात नवऱ्याकडच्या बायका भोवती बसल्या. सासूबाईंच्या मोठ्या जाऊबाईंनी पदर चिमटीत धरला. "अवो बाई, पदर सुती काहून? कोसा सरला काय मायच्या घरचा?" कोणीतरी फिस्सकन हसलं. मी मान खाली घालून म्हणाले, "आमच्यात असाच असते. पदराचा कोसा झाडाले परत जाते." हे कुठून सुचलं, ठाऊक नाही. त्यांनी पदर सोडला. सासूबाईंनी पदर माझ्या खांद्यावर नीट सारखा केला आणि म्हणाल्या, "चांगला आहे रिवाज."

लग्नानंतरच्या पहिल्या आषाढात, आखाडीला, तू मला माहेरी आणलंस. बाहेर पाऊस होता. संध्याकाळी मागाच्या खोलीत गेले तर तू दिवा लावला नव्हतास. माळांवर काहीतरी उमलत होतं. ओले, चुरगळलेले पंख हळूहळू सरळ होत होते, पिवळे, विटकरी, आणि प्रत्येक पंखावर काचेसारखा गोल, ज्यातून पलीकडची भिंत दिसते. एक पाखरू तुझ्या अंबाड्यावर बसलं होतं. तू मान हलवली नाहीस. "हात नोको लावू," तू हळूच म्हणालीस, "यायले तोंड नसते. काही खात नाही, पीत नाही. बीज ठेवते अन् जाते." मी तुझ्याजवळ बसले. मांडवातलं तुला सांगायचं होतं. अंधार होत गेला, पंखांचा आवाज होत राहिला, कोणीतरी दूर कापड झटकावं तसा. मी सांगितलं नाही. त्याच पावसाळ्याअखेर तू गेलीस.

दोन वर्षांनी नणंदेचं लग्न निघालं, तेव्हा सासूबाईंनी आंधळगावच्या विणकरांना निरोप धाडला: पदर सुती, लाल, आणि तेवढा कोसा बिजाला राखून ठेवा. मग जावेच्या मुलीचं. त्यांच्या नात्यात आता कोणी पुरा कोशाचा शालू नेसत नाही. बाजारात बाहेरचं सूत हवं तेवढं मिळतं, तरी नाही. मामाचा मुलगा मोटारसायकलवर येतो, विणकरांनी राखलेल्या माळा मोजत नाही, उचलतो आणि नेतो. परवा धाकट्या पुतणीच्या शालूचं बोलणं निघालं. ती म्हणाली, "काकू, हे तुमच्या माहेराकडून आलं न? तिकडं किती पिढ्यांपासून आहे?"

मी म्हणाले, "लय जुनं आहे."

आई, हे कागद मी कुठे पाठवणार नाही. तुझा मान राखायला मी मांडवात ते बोलले, असं आता मलाही अधूनमधून वाटतं. तसं नव्हतं. मला लाज वाटली होती. आणि तू माझ्याकडे पाहिलंस तेव्हा मी गप्प राहिले ते समजूतदार होते म्हणून नाही. उतरव म्हणायला तोंड उघडलं नाही, एवढंच. मला पुरा कोशाचा शालू हवा होता. अजूनही हवा आहे.