आरशातली दाढ

ता. ३ मार्च

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

आईनं सांगितलंच असेल, पण माझ्याकडूनही ऐका. डेंटल कॉलेजात, सिमेंट भरायला दाढेत खड्डा कोरायच्या प्रॅक्टिकलमध्ये मी नापास झाले. एकोणतीस तारखेला फेरपरीक्षा आहे. तीही गेली तर अख्खं वर्ष पुन्हा. आईसमोर मी हसत असते, तुमच्याशी खोटं कशाला बोलू.

खोलीतच कारखाना थाटलाय. जेवायच्या टेबलाला प्लास्टिकच्या दातांचा जबडा आवळून बसवलाय, शेजारी छोटी ड्रिल मशीन. खालच्या मजल्यावरच्या बाई दोनदा वर येऊन गेल्या. त्यांना वाटलं मी भिंत पाडतेय. सगळीकडे पांढरी भुकटी, चहातसुद्धा.

खालच्या दाढा जमतात, कारण त्या समोर दिसतात. वरची दाढ मात्र तोंडात छोटा आरसा धरून त्यात बघत कोरावी लागते. हात पुढे न्यावा तर आरशात मागे जातो. परीक्षेत मी दाढेची भिंतच उडवली.

तुम्ही जन्मभर शिक्क्यांच्या रबरावर उलटी अक्षरं कोरलीत. तेव्हा डोक्यात काय करता, सांगाल का?

लोभ आहेच, तो या ड्रिलच्या आवाजातही राहू द्या.
तुमची,
ठकू


ता. ८ मार्च

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद.

नापास झालीस ते वाईटच, उगाच गोड बोलत नाही. पण शेजारीण तक्रार करते म्हणजे मेहनत जोरात चाललीय. मामी म्हणते, पोरीनं चहा तरी झाकून ठेवावा.

डोक्यात मी काहीच करत नाही. शिकाऊ असताना डोक्यात उलटवायला गेलो आणि एका शाळेचा शिक्का चक्क सुलटा कोरला. कागदावर उमटलेलं हेडमास्तरांनाही वाचता येईना. उस्तादांनी दोन दिवस मला नुसतं दुकान झाडायला लावलं. तेव्हापासून प्रत्येक शिक्क्याआधी मोठ्यानं 'उलटं' म्हणतो. मामी माझी नक्कल करते, करू दे. तोंडानं म्हटलं की हाताला कळतं.

आठवडाभर मशीन बंद ठेव. आरसा उभा कर, त्याच्यापुढे कागद ठेव आणि फक्त आरशात बघून लिही. आधी रेघा, मग चौकोन, मग अक्षरं. हात कुठे चाललाय ते बघू नकोस, रेघ कुठे चाललीय तेवढं बघ. एक बोट कायम टेकवून ठेव. टेकू नसलेला हात थापा मारतो.

माया आहे तशीच आहे, वाढली तर कळवीन.
तुझा,
मामा


ता. १९ मार्च

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

रविवारपर्यंत माझे चौकोन बटाट्यासारखे येत होते. मंगळवारी अचानक हात बसला. मशीन लावून दहा वरच्या दाढा कोरल्या, त्यातल्या सातांच्या खड्ड्यांचे तळ हवे तसे सपाट आले.

पण काल खालची दाढ सरळ डोळ्यांनी बघत होते आणि हात आरशातल्यासारखा चालला. जमत होती तीच बिघडवली. तुमच्या शाळेच्या शिक्क्यासारखंच झालं. आता वरच्या दाढेआधी 'उलटं' म्हणते, खालच्या दाढेआधी 'सुलटं'. खोलीतली मैत्रीण म्हणते, मला दातांपेक्षा डोक्याच्या डॉक्टरची गरज आहे.

तुम्ही दिलेला माझ्या पत्त्याचा शिक्का काल भिंगाखाली धरला. ठसा रोज बघते, रबर कधी बघितलंच नव्हतं. इतकी बारीक अक्षरं आणि एकही कड थरथरलेली नाही. मामा, मला तुमचा फार अभिमान वाटला. इतकी वर्षं बघितलं नाही, याची लाजही वाटली.

परीक्षेपर्यंत माझी आठवण काढत राहा.
तुमची,
ठकू


ता. ३० मार्च

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

पास झाले.

वरचीच दाढ आली. सवयीनं मी मोठ्यानं 'उलटं' म्हणाले आणि शेजारच्या टेबलावरचे दोघं हसले. परीक्षक बाई माझ्या मागेच उभ्या होत्या. काम झाल्यावर त्यांनी बारीक सळीनं तळ चाचपला, कडा बघितल्या आणि हसणाऱ्या दोघांना बोलावून दाखवलं. मग मला विचारलं, आरशातलं काम कुणाकडे शिकलात. मी म्हटलं, माझे मामा शिक्के कोरतात, त्यांच्याकडे. तुमचा कागदावरचा सराव सांगितला, तर पुढच्या वर्षीच्या मुलांनाही त्या आधी आरशात बघून कागदावर लिहायला लावणार आहेत.

माझा तुमच्यावर आहे तेवढाच जीव तुमचाही माझ्यावर असू द्या.
तुमची,
ठकू


ता. ४ एप्रिल

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दुकानात आलं. हल्ली लोक यंत्रावर शिक्के करून घेतात, त्यामुळे वाचायला सवड भरपूर. वाचलं आणि दुकान बंद करून घरी आलो, कामात लक्ष लागेना.

मामीला मोठ्यानं वाचून दाखवायला बसलो. परीक्षक बाईंनी विचारलं तिथपर्यंत नीट वाचलं. त्यापुढचं तुझं उत्तर मात्र मला वाचता आलं नाही. ते तिनं वाचलं, आणि मी सांगितलं म्हणून पुन्हा एकदा वाचलं.

तुझा,
मामा