उशिरा उठणारी ढाल

॥ श्री ॥
बरखेडा, भोपाळ
१४ जून २०२५

चि. क्षितिजा हिस गजाननकाकाचे अनेक आशीर्वाद.

अत्यंत जड अंतःकरणाने कळवावे लागते की तुमच्या कंपनीच्या 'धारातीर्थ' या खेळातला परमारांचा सैनिक काल माझ्यासमक्ष बटाटा खात होता. अकराव्या शतकात. माळव्यात. तळ्याकाठी मांडी ठोकून. बटाटा या देशात यायला अजून पाचेकशे वर्षं होती, आणि हा इसम त्याची वाट न पाहताच जेवायला बसला. दिवाळीत तू ते व्हिडिओ गेमचं यंत्र माझ्या गळ्यात बांधलंस तेव्हा म्हणाली होतीस की इतिहास आहे, संस्कृतच्या मास्तरला आवडेल. आवडला. म्हणूनच गप्प बसवत नाही.

दुसरा भाग दसऱ्याला येणार, सुधारणा सुचवा, असं तुम्हीच जाहीर केलं आहे. तेव्हा माझी वही भरत चालली आहे. वेत्रवती, म्हणजे आपली बेतवा, खेळात दक्षिणेला वाहते. मंडीदीपच्या पुढे स्कूटरवर थोडं गेलं तर ती कुणीकडे जाते हे काठावरची म्हैससुद्धा सांगेल. आश्रमातले ऋषी जो श्लोक म्हणतात त्याच्या तिसऱ्या चरणात एक अक्षर जास्त आहे. एवढ्या तपश्चर्येनंतर माणसाला आठपर्यंत मोजता यायला हरकत नव्हती.

पण खरी तक्रार ढालीची. घाटावरचा द्वारपाल तलवार उगारतो, ती खाली येते त्या क्षणी मी उजव्या हाताखालचं बटण दाबावं आणि आपल्या वज्रटाने, म्हणजे मी चालवतो त्या वीराने, ढाल उचलावी, असा करार आहे. मी दाबतो. वज्रट विचार करतो. मग मरतो. हाच घाट मी जानेवारीत चार वेळा शीळ घालत ओलांडला होता. मार्चपासून एकदाही नाही. म्हणजे मधल्या काळात तुम्ही लोकांनी काहीतरी बिघडवलंत. दुसऱ्या भागात बाकी काही जमलं नाही तरी चालेल, ढाल तेवढी वेळेवर उठू द्या. शाळा सुटून चहा झाला की एक तास माझा स्वतःचा असतो, आणि तो सगळा मरण्यात जातो.

हे फोनवर का नाही लिहिलं, असं विचारशील. फोनही बिघडला आहे. एक अक्षर दाबावं तर शेजारचं हजर होतं. बाकी इकडे क्षेम. काकू बरी आहे, मला मात्र ती बरं म्हणत नाही.

लोभ आहे तसा असू दे. बटाट्याकडे लक्ष असू दे.

तुझा,
गजाननकाका


पुणे
२५ जून २०२५

ति. गजाननकाकांस क्षितिजाचा सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मी ऑफिसात मोठ्याने वाचून दाखवलं. बटाटा काढायचं ठरलं. त्याच्या जागी काय द्यायचं यावरून दोन तट पडले आहेत. ऋषींचं जादा अक्षर कापलं. बेतवेचं तोंड फिरवायचं तर अख्खा नकाशा फिरवावा लागतो, म्हणून नकाशावाली मुलगी माझ्याशी बोलेनाशी झाली आहे. तुम्ही भोपाळात बसून इथे भांडणं लावता.

ढालीचं मात्र मला कळेना. बटण दाबल्यापासून चित्र हलेपर्यंत किती वेळ जातो हे मोजणं, हेच तर माझं काम. सरावाच्या आखाड्यात तुम्ही केव्हा कोणतं बटण दाबलंत याची नोंद राहते, आणि ती बघायची परवानगी तुम्हीच मला दिली होती. काल ती सगळी चाळली. ढाल बटणानंतर लगेच उठते, जानेवारीत उठायची तशीच. उशिरा दाबलं जातंय ते बटण. तेही फक्त उजव्या हाताचं. डाव्या हाताची बटणं अगदी वेळेवर आहेत. मी तीनदा तपासलं, कारण माझीच चूक असावी असं मला वाटत होतं. सेटिंगमध्ये 'डावखुरा' असा पर्याय आहे. तो लावलात की ढाल डाव्या हाताला येईल. आठवडाभर तसं खेळून बघा.

आता एक खेळाबाहेरचं. तुमचं पत्र पहिल्या ओळीला नेहमीचं, फळ्यावर लिहिल्यासारखं टपोरं, आणि शेवटाला मुंग्यांची रांग. ऑफिसात वाचताना 'गजाननकाका' या ओळीला मी अंदाजाने पोचले. हात दुखतो का? आखडतो का? थट्टेवारी नेऊ नका काका, सरळ उत्तर द्या.

काकूंना नमस्कार. रागावलात तरी लोभ कमी करायचा नाही, ही अट आहे.

तुमची,
क्षितिजा


बरखेडा, भोपाळ
६ जुलै २०२५

चि. क्षितिजा हिस अनेक आशीर्वाद.

विजय! डाव्या हाताने ढाल घेतली आणि तिसऱ्या खेपेला द्वारपाल वेत्रवतीत पडला. दक्षिणेकडे वाहत गेला, पण त्याला मी जबाबदार नाही. तुझ्या काकूला बोलावून दाखवला. तिने कुकरच्या शिट्ट्या मोजत मोजत अभिनंदन केलं.

आता शास्त्रार्थ ऐक. जिथे जिथे उजवं बटण, तिथे तिथे उशीर: हा अन्वय. जिथे उजवं बटण नाही, तिथे उशीरही नाही: हा व्यतिरेक. न्यायशास्त्र वाचलेल्या माणसाला याहून जास्त पुरावा लागत नाही. दोष उजव्या बटणाचा. तडक महाराणा प्रताप नगरात जाऊन नवा कंट्रोलर आणला. दुकानदाराने मुलासाठी नेताय का असं विचारलं. स्वतःसाठी म्हटल्यावर त्याने चष्मा कपाळावर चढवून मला नीट पाहून घेतलं आणि 'अंकल'वरून 'सर'वर आला.

घरी आणून लावला. नव्याचंही उजवं बटण उशिरा. दोन वेगळ्या वस्तूंना एकच रोग कसा, इथे माझं शास्त्र जरा अडखळलं. वहीत लिहिलं आहे, 'सगळाच माल सदोष?' प्रश्नचिन्ह पुसावं की ठेवावं, दोन दिवस ठरत नाही.

एकूणच हल्ली जगाने उजव्या बाजूला अंगचोरपणा आरंभला आहे. शिंप्याने नव्या शर्टाची काजं इतकी लहान केली आहेत की सकाळी बटणं लावेपर्यंत शाळेची प्रार्थना व्हायची. खडूही जड येतात.

हात दुखत नाही. सरळ उत्तर मागितलंस, दिलं. अक्षर बारीक येतं ते कागद वाचावा म्हणून. दुसऱ्या भागात ढाल आरंभापासूनच डाव्या हाताला द्यावी, ही माझी मुख्य सूचना समज.

मास्तरच्या उपदेशाइतकाच त्याचा लोभही सहन कर.

गजाननकाका


बरखेडा, भोपाळ
११ जुलै २०२५

चि. क्षितिजास अनुराधाकाकूचे आशीर्वाद.

यांना न सांगता लिहितेय. परवा तुझा फोन आला तेव्हा हे समोरच बसले होते, म्हणून मी आपली नुसती हो हो करत राहिले. तू जे विचारत होतीस ते सगळं खरं आहे गं. शर्टाची काजं मी जुन्या शर्टाला लावून पाहिली, तस्सीच आहेत, तसूभर लहान नाहीत. बाजारात चालताना यांचा डावा हात हलतो, उजवा नुसता लटकून असतो. मी आधी म्हटलं, पिशवी धरलीय की काय. पिशवी माझ्याकडेच होती. शाळेत फळ्यावरचं आता मुलींकडून लिहून घेतात. विचारलं तर म्हणे त्यांचा सराव होतो.

मला तर काही सुचत नाही. विचारायला गेलं की एक श्लोक म्हणून मला वाटेला लावतात. इंदूरच्या शाळेत मी संस्कृतऐवजी चित्रकला घेतली, त्याची शिक्षा अजून चालू आहे. माझं ऐकायचे नाहीत. तुझं ते मोजमाप ऐकतील. तेव्हा तूच काय ते स्पष्ट लिही. डॉक्टरचा नंबर मी काढून ठेवलाय.

जेवणाखाण्याची हयगय करू नकोस. माया आहेच, पत्रात किती लिहायची.

तुझी,
काकू


पुणे
१८ जुलै २०२५

ति. काका, सा. न. वि. वि.

हे पत्र मी चारदा फाडलं, म्हणून उशीर झाला.

काका, दोन कंट्रोलर वेगळे होते. उजवा हात तोच होता. तुम्ही हे उदाहरण वर्गात घातलं असतंत, तर शेवटच्या बाकावरच्या मुलीनेही उत्तर दिलं असतं, आणि तुम्ही तिला शाबासकी दिली असती. दोष बटणात नाही. हात उशिरा पोचतोय. का, ते मला माहीत नाही. मला मोजता येतं, कारण सांगता येत नाही. ज्यांना ते येतं अशा मेंदूच्या डॉक्टरांची २९ तारखेची वेळ काकूंनी घेतली आहे, माझ्या सांगण्यावरून. रागवायचं तर माझ्यावर रागवा, त्यांच्यावर नको.

दुसऱ्या भागाची एक बातमी आहे. ढाल उचलायला किती सवड मिळावी, हे यापुढे खेळणाऱ्याला स्वतः ठरवता येईल. ज्याचा हात सावकाश चालतो त्याच्यासाठी तलवार पापणीभर उशिरा उतरेल. बैठकीत एकाने हरकत घेतली की मग शौर्याला काय किंमत राहिली. मी म्हटलं की ज्याला शौर्य हवं त्याने सवड घेऊ नये. मंजूर झालं. तुमच्या वहीत ही सुधारणा नव्हती, म्हणून मीच घातली. तिला नाव सुचत नाही. 'सोपं' असं लिहायचं नाही, एवढं ठरलंय. तुम्ही सुचवा.

आणि २९ला जा. लोभ पुढेही लागणार आहे मला, बराच.

तुमची,
क्षितिजा


बरखेडा, भोपाळ
३१ जुलै २०२५

चि. क्षितिजा हिस अनेक आशीर्वाद.

रेघा आखलेल्या कागदावर मोठं लिहायचा हुकूम झाला आहे, म्हणून हे बालवाडीतलं अक्षर. आधी तुझं काम. नाव 'अवकाश' ठेवा, म्हणजे सवड. आमच्याकडची मुलं हिंदीवरून त्याचा अर्थ सुट्टी असा घेतील. घेऊ देत, तेही चूक नाही.

डॉक्टर वयाने माझ्या जुन्या विद्यार्थ्यांएवढे. त्यांनी मला चिमटीने हवा पकडायला लावली, आधी डाव्या हाताने, मग उजव्या. डाव्याने भराभर पकडली. मग व्हरांड्यात चालवलं, वळवलं, कागदावर गोल गोल काढायला लावले. पार्किन्सन आहे असं ते म्हणाले, अगदी आरंभ आहे म्हणाले, औषधाने हात बराच सुधारेल म्हणाले. मी विचारलं की खात्री कशावरून. तर औषध लागू पडलं की खात्री होईल, असं उत्तर मिळालं. आयुष्यभर मुलांना धुरावरून डोंगरावरच्या आगीचं अनुमान शिकवलं. डोंगर व्हायची पाळी पहिल्यांदाच आली. घरी येताना रिक्षात मी एकही श्लोक म्हटला नाही.

तुला रागवावं म्हणून दोन दिवस प्रयत्न केला. जमलं नाही.

आता जे काकूला सांगितलेलं नाही ते. आत बोलवायची वाट बघत होतो तेव्हा शेजारी माझ्याहून थोडे मोठे एक गृहस्थ होते, बायकोबरोबर आलेले. काकू औषधाचं दुकान बघायला गेली होती. तासभर नंबर हलेना, म्हणून मी त्यांना आपलं म्हटलं की आधीचे पेशंट बहुधा आत राहायलाच गेले. त्यांच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. भिंतीशी बोलावं तसं झालं. मी ओशाळून माफी मागितली. तेव्हा त्यांची बायको वाकून मला हळूच हिंदीत म्हणाली की भाईसाहेब, हे हसताहेत, फक्त ते आता बाहेर दिसत नाही. मला अजून कळतं, पण कधीकधी मलाही कळत नाही, असंही म्हणाली.

डॉक्टरांना मी याबद्दल काही विचारलं नाही. या आजारात सगळ्यांनाच तसं होतं असं नाही, हे मलाही ठाऊक आहे. हाताचं मला तितकंसं वाटत नाही. पण माझा सगळा कारभार चेहऱ्यावर चालतो. मी तोंडाने गंभीर बोलतो आणि एका भुवईने कळवतो की हे खरं धरू नका. सत्तावीस वर्षं तुझ्या काकूने ती भुवई वाचून माझ्याशी संसार केला. लोभ असू दे, आणि हे तिला एवढ्यात कळू देऊ नकोस. उद्या ती भुवई हलली नाही, तर मी थट्टा करतोय की खरंच बोलतोय, हे तिला कशावरून कळणार? मला त्याची भीती वाटते, क्षितिजा.

गजाननकाका