मिसरीपुरता वेळ

आई, आज दातांच्या डॉक्टरांनी माझ्या हिरड्या तपासल्या आणि म्हणाले, या वयात एवढे शाबूत दात फार थोड्या बायकांचे असतात. मला तुझं तोंड आठवलं. माझ्या वयाची तू कधी झालीच नाहीस. दात तर त्याच्याही आधी गेले.

आबा पलटणीतून रजेवर येताना कँटीनमधला ब्रश आणि पेस्ट आणायचे. ते माझ्यासाठी. तू चुलीवर तव्यात तंबाखू भाजायचीस, घरभर ठसका उठायचा, मग ती काळी पूड डबीत. एकदा मी डबीत बोट घातलं, तर तू उलथणं घेऊन धावून आलीस. "परत हात लावलास तर बोटं मोडीन. तुला शिकायचं हाय." म्हणजे मिसरी वाईट, हे तुला माझ्या आधीच ठाऊक होतं.

बहात्तरच्या दुष्काळानंतर मी सांगलीला कॉलेजात गेले आणि सुट्टीत तुलाच शिकवायला लागले. तुझे पुढचे दात तेव्हा हलत होते. भाकरी तू कालवणात कुस्करून घ्यायचीस, हसताना पदर ओठांवर धरायचीस. उसाच्या बांधावर तू मिसरी लावत बसली आहेस, शेजारी धाकटी काकी. मी उभी राहून सांगते आहे, "सोड ती. हिरड्या सडतात तिनं." तू बोट काढत नाहीस. सावकाश थुंकतेस, चूळ भरतेस, मग बोलतेस. "आगं, तोंडात मिसरी असली की तुझी आजीबी हाक मारत न्हाई. ओ देता येत न्हाई, तिलाबी ठावं हाय. तेवढंच बसाया मिळतं."

"मग कडुलिंबाची काडी घे."

"काडी चावत गोठा झाडता येतो, पोरी."

काकी म्हणाली, "तिच्या कालिजात बसाया बाकडी हायती, आक्का. आपल्याला मिसरी हाय." दोघी पदराआड हसलात. मी चिडून घरी गेले.

पुढे मीच तुला सांगलीच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी मिसरी किती वर्षं लावता ते विचारलं, गोड खाता का विचारलं, आणि अडाणीपणा म्हणाले. दिवसात बसायला कधी मिळतं, हे काही त्यांनी विचारलं नाही. तुझे सगळे दात काढून आपण परत आलो. त्यानंतर एका सकाळी तू सवयीनं डबी घेऊन उंबऱ्यावर टेकलीस, तेव्हा आतून आजी म्हणाली, "दातच न्हाईत, तर आता मिसरीला कशाला बसतीस?" तू डबीचं झाकण लावलंस आणि उठलीस.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाही, म्हणून लिहिते. मी रोज सकाळी न्हाणीघराचं दार लावून दात घासते. बाहेरून कुणी हाक मारली तर ओ देत नाही. तोंडात फेस आहे असं त्यांना वाटतं. चूळ भरून बराच वेळ झालेला असतो, आणि मी नुसती पाटावर बसलेली असते.