परीक्षेतल्या पेशंटला नातेवाईक नसतात

८ जून, नांदेड

पुन्हा क्लास. पुन्हा रविवार. लातूरहून पहाटेची एसटी, वाटेत लोह्याला पाठ आखडली ती अजून तशीच.

वॉर्डात सांगून ठेवलंय, नांदेडची अक्का आजारी असते म्हणून रविवारी जावं लागतं. अक्का ठणठणीत आहे. पण माझ्या कृपेने तिला आतापर्यंत शुगर, बीपी आणि पित्ताशयात खडे झालेत. या आठवड्यात गुडघे. आज तिच्याच घरी जेवताना तिच्या गुडघ्यांकडे बघवेना.

मागच्या वेळी ही परदेशी नर्सिंग लायसनची परीक्षा सगळ्या लातूरला सांगून दिली होती. दिराने तर परीक्षेच्या आधीच चौकात फ्लेक्स लावला: आखाती देशात नर्स म्हणून निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन. माझ्या फोटोपेक्षा दिराचा मोठा. नापास झाले तेव्हा तो उतरवायला कुणी जाईना. शेवटी वाऱ्याने फाटला. फाटला तोही माझ्या बाजूने.

म्हणून यंदा गुपचूप. मास्तरांना (नवरा, विनाअनुदानित शाळेत आहेत, अनुदान येतंय येतंय म्हणता केस पिकले) आणि अक्काला, एवढंच माहीत.

क्लासचे सर माझ्या भाच्याच्या वयाचे. म्हणाले, "मॅडम, तुमचा वीस वर्षांचा अनुभव हाच तुमचा प्रॉब्लेम आहे. तुम्ही प्रश्न वाचत नाही. पेशंट बघता."

खरं असावं. परीक्षेतल्या हॉस्पिटलात गॉज संपत नाही. डॉक्टर पहिल्या रिंगला फोन उचलतात. एका सिस्टरला पेशंट चार. असं हॉस्पिटल मी मेल्यावरच बघीन.

११ जून, लातूर

मेल वॉर्डात नवीन ॲडमिशन. रेणापूरचे. लाईट बोर्डातून रिटायर झालेले वायरमन. काडीसारखे हातपाय, पोट तेवढं पुढं. जठराचा कॅन्सर, लिव्हरपर्यंत गेलेला. ऑपरेशनच्या पलीकडचा.

मुलगा विनोद, झेरॉक्सचं दुकान आहे. काउंटरवर येऊन हळूच, "जय भीम ताई. पप्पांना अल्सर सांगितलंय. तेवढं सांभाळा."

"काळजी करू नका," म्हणाले.

लगेच म्हणाले. विचारही केला नाही. आमच्या वॉर्डात हे चालत आलंय: मोठे डॉक्टर नातेवाइकाला केबिनमध्ये बोलावणार, नातेवाईक आम्हाला सांगणार काय सांगायचं, आणि आम्ही पेशंटला तेच सांगणार. नवीन पोरी येतात त्यांना पहिल्याच दिवशी मीच शिकवते. इथं कुणाला कॅन्सर होत नसतो. अल्सर, सूज, गाठ, फार तर 'इन्फेक्शन'. त्यात मला फर्स्ट क्लास आहे.

१४ जून

वायरमन मामा बोलके. शेजारच्या बेडवाल्याला खांबांच्या, जळालेल्या डीपीच्या गोष्टी सांगतात. मी सलाईन लावताना मला:

"ताई, तुमचा हात हलका हाय. बोर्डात असतात तर खांबावर चढवलं असतं."

म्हटलं, मला उंचीची भीती वाटते.

"मला बी वाटायची. चाळीस वर्सं चढलो. कुणाला सांगितलं न्हाई."

मग आवाज बारीक करून: "ताई, आमी लाईट घालवायच्या आदी लोकास्नी सांगत हुतो बगा. मंगळवारी दहा ते चार बंद. म्हंजे बाई दळण उरकून घेती, गिरणीवाला झोप काढतो. तुमचं डॉक्टर का सांगत न्हाईत?"

"अल्सर आहे मामा. अल्सरचं काय सांगायचं?"

"हां. अल्सर."

एवढंच म्हणून भिंतीकडे वळले. मी बीपी लिहिलं. दोनदा लिहिलं.

१५ जून, नांदेड

आज सरांनी फळ्यावर प्रश्न टाकला. पेशंटला असाध्य आजार. कुटुंब म्हणतं सांगू नका. पेशंट नर्सला विचारतो, मला काय झालंय? नर्सने आधी काय करावं?

मी हात वर केला. वर्गात सगळ्यात वडील, हात आधी माझा. "मुलाशी बोलावं."

मागच्या बाकावरच्या पोरी हसल्या. सरसुद्धा.

"मॅडम, परीक्षेतल्या पेशंटला नातेवाईक नसतात."

उत्तर असं: त्याच्याजवळ बसा. त्याला काय माहीत आहे, किती जाणून घ्यायचंय ते विचारा. मग डॉक्टरांना कळवा की पेशंट स्वतः विचारतोय. निदान सांगणं नर्सचं काम नाही. पण तो विचारतोय हे दाबून ठेवणं म्हणजे चूक. मागच्या वेळी असे सगळे प्रश्न मी मुलाशी, बायकोशी, जावयाशी बोलून सोडवले होते. तरीच.

वहीत उत्तर लिहून घेतलं. खाली लाल रेघ. येताना एसटीत शेजारच्या बाईने विचारलं, कुणाला बघायला गेला होता? म्हटलं, बहिणीला. गुडघे.

१९ जून

हे लिहू नये असं वाटतंय, म्हणून लिहिते.

दुपारी वॉर्ड शांत. विनोद दुकानावर गेलेला. मामांनी हाक मारली.

"ताई, उमरीला लेक दिलीया माझी. पाच-सा वर्सं झाली, बोलणं न्हाई. तिच्या सासऱ्याशी माझंच वाजलं हुतं. चूक माझी. आता वाटतंय जाऊन यावं. पण ह्ये पोट असं. आत्ता जाऊ का दिवाळीत जाऊ? तब्येत बी सुधारंल तवर."

फळ्यावरचा प्रश्नच समोर बेडवर बसला होता, उशीला टेकून. उत्तर मला पाठ होतं.

मी म्हणाले, "दिवाळीत जा की मामा. आत्ता कशाला दगदग? अंगात जरा ताकद येऊ द्या."

हसून म्हणाले. उशीही नीट केली.

दिवाळीपर्यंत नाही पोचायचे ते. मला माहीत आहे, मोठ्या डॉक्टरांना माहीत आहे, विनोदला माहीत आहे, झाडूवाल्या मावशीलासुद्धा माहीत आहे. आणि तारीख मी दिली.

२० जून

मामांचा डिस्चार्ज. जाताना पोरींना पेढे. मला म्हणाले, "तुमी सांगितलं त्येच बरं. दिवाळीत जातो." पेढा खाल्ला.

२६ जून

मास्तर प्रश्न वाचतात, मी उत्तरं देते. त्यांचं इंग्रजी म्हणजे शाळेसारखंच, अनुदान नसलेलं. पण आवाज खणखणीत. आज त्यांच्यासमोर सगळं ओकले. मामा, उमरी, दिवाळी.

मास्तर: "तू काय डॉक्टर आहेस? अधिकार आहे का तुला सांगायचा?"

"सांगायचा नाही. पण तारीख द्यायचा कुठं होता?"

मास्तरांनी पुस्तक मिटलं. मग चष्मा काढून, "मला असं काही झालं तर?"

"तुमच्या आईला आधी सांगेन. मग तुमच्या संस्थाचालकांना. तुम्हाला सगळ्यात शेवटी."

हसले. मीही. मग दोघंही एकदम थांबलो. पुढचा प्रश्न कुणी वाचला नाही.

३ जुलै

मोठ्या डॉक्टरांना राउंडनंतर गाठलं. म्हटलं सर, ते रेणापूरचे वायरमन ॲडमिट असताना स्वतः विचारत होते. तेव्हा तुम्हाला सांगायचं राहिलं.

"मुलाने नको म्हटलंय ना?"

"हो सर."

"मग आपण कशाला पडायचं? उद्या पेशंट खचला की नातेवाईक आपल्याच काचा फोडणार. तुम्हाला मी सांगायला पाहिजे का, सिस्टर?"

नाही. मीच तर पोरींना सांगते. 'राहिलं' म्हणाले त्यांना. राहिलं नव्हतं, दाबलं होतं.

८ जुलै

मामा ओपीडीत. ओळखले नाहीत आधी. शर्टात माणूस शोधावा लागला. डोळ्यावर काळा चष्मा.

"हे काय मामा?"

"मोतीबिंदू काढून टाकला, ताई. शिबिर हुतं. ह्या डोळ्याचं राहिलंच हुतं. म्हटलं दिवाळीत उमरीला जायचं, लेकीचं तोंड तरी नीट दिसावं. लई वर्सानं बगणार."

विनोदला बाजूला घेतलं. "अहो, ऑपरेशन कशाला करू दिलंत? या तब्येतीत?"

"नको म्हणलो असतो तर वळखलं नसतं का त्यांनी?" त्याचे डोळे भरले. "ताई, तुमीच म्हणला ना दिवाळीत जा म्हणून. घरी रोज सांगत्यात, सिस्टर म्हणल्या दिवाळीत."

माझं एक वाक्य. त्यावर माणसाने डोळा कापून घेतला.

ड्यूटी संपल्यावर स्टाफरूममध्ये बसले. लाल रेघेचं पान उघडलं, मिटलं. अभ्यास नाही झाला.

१७ जुलै, हैदराबाद

परीक्षेसाठी नांदेडहून रेल्वेने आले. मास्तर सोबत, बाहेर झाडाखाली डबा धरून. आत कानातलं काढायला लावलं, खिसे उलटे करून दाखवायला लावले. जणू वीस वर्षं नर्सिंग केल्याचा पुरावा मी खिशातून चोरून नेत होते.

प्रश्न बाहेर सांगायचे नाहीत अशी सही घेतलीय, म्हणून लिहीत नाही. पण आला. तोच. थोडा कपडे बदलून.

बाकीच्या प्रश्नांना घाम फुटला. याला नाही. वाचून पूर्ण व्हायच्या आत बोट गेलं, बरोबर उत्तरावर. कसलीही अडचण नाही. पेशंटला नातेवाईक नव्हते, काळा चष्मा नव्हता, लेक नव्हती.

बाहेर आल्यावर मास्तर, "कसा गेला?"

"चांगला गेला," म्हणाले आणि रडले. त्यांना वाटलं पुन्हा नापास. बिचारे भाजीपोळी पुढं करत राहिले.

२२ जुलै, लातूर

पास.

अक्काला फोन. म्हणाली, "माझे गुडघे बरे झाले म्हणायचे." मास्तर विहारात मेणबत्ती लावून आले. दिराला कुठून कळलं देव जाणे. फ्लेक्सवाल्याकडे निघाला होता, गाडीची किल्लीच काढून घेतली. वॉर्डात पोरींनी केक. "सिस्टर, पेशंटला काय सांगायचं ते अवघड प्रश्न कसे सोडवले? आम्हाला पण शिकवा ना."

काय शिकवू? पोरींनो, वॉर्डात जे करता त्याच्या उलटं टिक करा?

लायसन मिळालं ते मी जे करत नाही त्याचं.

२४ जुलै

विनोदला फोन केला. म्हटलं, मी रेणापूरला येते. मामांशी बोलायचंय. आजाराचं नाव नाही काढणार. पण दिवाळीचं जे बोलले ते मला परत घ्यायचंय.

पलीकडे झेरॉक्सचं मशीन बंद केल्याचा आवाज आला. मग, "ताई, तुमी तिकडं निघून जाल. सांगून मोकळ्या व्हाल. त्यांच्यासमोर बसायचंय मला. काल अर्धी भाकर खाल्ली त्यांनी, दिवाळी हाय म्हणून खाल्ली. ती बी बंद पडली तर?"

क्लासमध्ये हे कुणी विचारलं नाही.

"चहाला या," शेवटी तोच म्हणाला. "पास झाल्या म्हणं. भेटायला म्हणून या. बाकी काय बोलू नका, हात जोडतो."

"बरं," म्हणाले. हेही झटकन म्हणाले.

२७ जुलै

रेणापूरहून आताच आले.

मामा ओसरीत खाटेवर. चष्मा काढलेला. माझ्याकडे नीट बघून म्हणाले, "तुमी गोऱ्या हाव की. दवाखान्यात काळ्या दिसत हुत्या." विनोद खाटेच्या पायथ्याशी बसलेला, हलेना. चहा झाला. माझ्या पगाराच्या, विमानाच्या गोष्टी झाल्या.

मामा एकदम, "इन्या, ताईस्नी खारी आण बेकरीतली."

"बिस्किटं हायत की घरात."

"खारी आण म्हणलो ना."

विनोदने माझ्याकडे बघितलं. मी कपाकडे. गेला.

गाडीचा आवाज लांब जाईपर्यंत मामा थांबले. "ताई, आजाराचं नाव नगं मला. त्ये मला कवाच कळलंय. पोरगं झोपेत रडतंय. त्याला वाटतंय मला म्हाईत न्हाई, म्हणून त्याच्यासाठी मी खातो. एवढंच सांगा. उमरीला दिवाळीच्या आदी जाऊ?"

"आधी जा, मामा."

"पोळ्याला?"

पोळा महिन्याभरावर. मी मान हलवली. नाही.

"बरं," म्हणाले. एवढंच. दोन्ही हात मांडीवर ठेवून बसून राहिले. मला वाटलं होतं ते खचतील, रडतील, मला शिव्या देतील. मीच रडायच्या बेतात. म्हटलं मामा, तेव्हा मी चुकीचं सांगितलं. ते म्हणाले, "लाईट गेल्यावर वायरमनला शिव्या देऊन काय व्हतंय? पर इन्याला तुमी सांगू नका, मला म्हाईत हाय म्हणून."

म्हणजे आता दुसऱ्या बाजूनेही तेच काम माझ्याकडे. बापाचं गुपित लेकापासून, लेकाचं बापापासून, मधे मी, लायसनवाली.

खारी आली. खाल्ली.

विनोदने गाडीवर स्टँडपर्यंत सोडलं. लातूरची बस लागलेली. उतरल्यावर म्हणाला, "काय विचारले का पप्पा?"

"नाही" हा शब्द माझ्या जिभेवर वीस वर्षं बसलेला आहे. बसलाच होता. मामांनीही तोच मागितला होता.

"तुम्हीच विचारा त्यांना," म्हणाले. "आजच विचारा."

तो माझ्याकडे बघत राहिला. मी बसमध्ये चढले. खिडकीतून दिसला, गाडी चालू, पाय जमिनीवर. कंडक्टरने घंटी मारली तरी तसाच. घराकडे वळला की बेकरीच्या रस्त्याने दुकानाकडे, ते गर्दीत दिसलं नाही.