मागून मारलेली हाक

प्रिय केल्सी,

फोन करता आला असता. बाबा शेजारच्या खोलीत असले तरी आता हळू आवाजात बोलायची गरज उरलेली नाही, हे तुला ठाऊक आहेच. पण फोनवर तू दुसऱ्याच वाक्याला ‘आई, मुद्द्यावर ये’ म्हणतेस, आणि मला मुद्द्यावर यायला वेळ लागतो. शिवाय मी रडले असते, आणि रडणाऱ्या माणसाचं एकही वाक्य धड कळत नाही असं तूच मला एकदा सांगितलं होतंस. तेव्हा ते जड बूट काढ, निवांत बस, आणि शेवटपर्यंत वाच.

इकडे सगळं तसं बरं आहे. कोंबड्यांच्या खुराड्यापाशी परत एक रॅटलस्नेक, तोच शेपटी वाजवणारा विषारी साप, निघाला, मी त्याला माझ्या जुन्या बंदुकीने उडवला. मिरच्या भाजून झाल्या, तुझ्या वाटच्या पिशव्या फ्रीजरमध्ये आहेत. चर्चमधल्या बायका विचारतात, केल्सी येत का नाही. मी म्हणते, फीनिक्सला पोलिसांना सुट्टी कुठली मिळतेय. थँक्सगिव्हिंगला तू अर्ध्या जेवणावरून उठून गेलीस ते मी बाहेर कुणाला बोललेले नाही. पण तुमचं तेव्हाचं बोलणं गेले काही दिवस माझ्या डोक्यात नुसतं घोळतंय. बाबांनी चेष्टेत विचारलं होतं, ‘काय गं, कमरेला पिस्तूल लावलेला माणूस दिसला की तुम्ही शहरातले पोलीस करता तरी काय?’ तू म्हणालीस, ‘आधी त्याचे हात बघते. तोंड नंतर.’ ‘आणि मी असलो तर?’ ‘तरी हातच, बाबा.’ झालं. ते उठून घोड्यांकडे गेले, तू गाडीत जाऊन बसलीस, आणि टर्कीचं ते एवढं धूड मी एकटीने आवरलं. तेव्हापासून दोघांच्या तोंडाला कुलूप. बाप तशी लेक, मी मध्ये.

मला बंदुकीचं वावडं नाही, हे तुला सांगायला नको. माझ्या माहेरी चमच्यांपेक्षा बंदुका जास्त होत्या. तुझे बाबा सकाळी पॅंट चढवतात तेव्हाच पट्ट्याला पिस्तूल लागतं, आणि आपल्या अ‍ॅरिझोनात त्यात कुणाला काही विचारायची सोय नाही, गरजही नाही. बर्ट आपल्या गावचा मार्शल होता, पोलीस म्हणून गावात तो एकटाच, तेव्हाची रीत तुला आठवत असेल. त्याला रस्त्यात कुणाशी बोलायचं असलं, की तो लांबूनच नाव घेऊन हाक मारायचा. मग ज्याला हाक मारली तो आपणहून पिस्तूल दोन बोटांनी उचलून गाडीच्या बॉनेटवर ठेवायचा. कुणी सांगावं लागायचं नाही. दारात आल्यावर टोपी काढतात तसंच ते. मग दोघांच्या गप्पा, कुणाची गाय कुणाच्या रानात शिरली त्याचा निवाडा, आणि जाताना ज्याचं पिस्तूल त्याच्या पट्ट्यात. त्या रीतीवर तुझ्या बाबांची हयात गेली. बर्ट गेला. त्याच्या जागी मार्शल नेमलाच नाही, आता गाव जिल्ह्याच्या शेरीफच्या पोलिसांकडे आहे. ती पोरं लांबलांबून येतात, त्यांना आपल्या गावात कोण कोणाचा हे ठाऊक नाही, आणि ही रीत त्यांना कुणी सांगितलेली नाही.

आता बाबांच्या कानांचं सांगते. तांब्याच्या खाणीत सुरुंग उडवून उडवून त्यांचे कान कधीचे गेलेत, पण मागच्या हिवाळ्यापासून तर ठार. ते मान्य करतील तर शपथ. म्हणतात, आजकाल लोकच तोंडातल्या तोंडात बोलतात. कानाचं यंत्र आणलं, तर म्हणाले, काटाचमचा वाजला तरी घण पडल्यासारखा वाटतो, आणि ते डबीत गेलं. समोर उभं राहून बोललं की ओठांवरून निम्मं कळतं, उरलेलं ते मनाचं घालतात. आणि स्वतःचाही आवाज ऐकू येत नसल्यामुळे बोलतात ते गाव गोळा होईल असं. ‘आज हवा छान आहे’ म्हणाले तरी नव्या माणसाला वाटावं, भांडण सुरू झालं.

गेल्या गुरुवारी नेमकं तेच झालं. जनावरांच्या खाद्याच्या दुकानात काउंटरवरच्या पोरीला ते भुशाचा भाव विचारत होते, त्यांच्या त्या आवाजात. ती पोर त्यांना ओळखते, ती हसत होती. पण मागे एक नवीन बाई उभी होती, अशातच कुठूनशी राहायला आलेली. तिने बाहेर जाऊन पोलिसांना फोन केला की एक म्हातारा पिस्तूल लावून आलाय आणि दुकानातल्या मुलीवर ओरडतोय. तिचं तरी काय चुकलं? तिने जे पाहिलं तेच सांगितलं. नुसतं पिस्तूल म्हटलं असतं तर फोनवरच ‘बाई, ते चालतं इथे’ म्हणाले असते. ओरडतोय म्हटल्यावर गाडी आली.

मी पिकअपमध्ये बसले होते. बाबा मागे पोतं चढवत होते, पाठमोरे. आरशात मला पोलिसांची गाडी दिसली आणि त्यातून एक मुलगी उतरली, यादिरा ओचोआ तिचं नाव, नंतर कळलं, तुझ्याहून लहान. तिने आपल्या गाडीच्या दाराआडून हाक मारली, ‘सर, जरा थांबा. हात दिसू देत.’ चांगली खणखणीत. बाबा पोत्याशी झटतायत. तिने परत हाक मारली, मग परत, आणि दर वेळी आवाज चढत गेला. तिच्या बाजूने बघ ना, केल्सी. माणूस पाच पावलांवर आहे, त्याच्या कमरेला पिस्तूल आहे, आणि तो ऐकून न ऐकल्यासारखं करतोय. तिने आपलं पिस्तूल काढून रोखलं. मला दाराची कडी सापडेना. मी कशीबशी खाली उतरले, माझं तोंड बघून बाबा वळले, त्यांना ती दिसली, तिचे ओठ हलताना दिसले. आणि त्यांनी काय केलं असेल? सभ्य माणसासारखं वागले. पोलिसाला बोलायचंय म्हटल्यावर बॉनेटवर ठेवायला म्हणून त्यांची दोन बोटं पिस्तुलाकडे गेली.

मी मध्ये गेले. कशी गेले ते विचारू नकोस, हे गुडघे घेऊन मी जिना चढत नाही. दोन्ही हात वर करून ओरडत सुटले, बहिरे आहेत ते, बहिरे आहेत. तिने गोळी झाडली नाही. का नाही, ते तिचं तिलाही सांगता येणार नाही. सगळं निवल्यावर ती फुटपाथच्या कडेला बसली. मी पाण्याची बाटली झाकण उघडून तिच्या हातात दिली. मला म्हणते, ‘मॅम, मी हाक मारली होती ना? तुम्ही ऐकलीत ना?’ म्हटलं, ऐकली गं पोरी, सगळ्या हाका ऐकल्या. तिच्या जागी मला सारखी तूच दिसत होतीस. नवऱ्यासाठी जीव वरखाली होत होता आणि त्याच्यावर पिस्तूल रोखणाऱ्या मुलीसाठीही होत होता. असं दोन्हीकडून फाटायची वेळ कुणा बाईवर येऊ नये.

आणि आता बाबांची गोष्ट ऐक. ते सगळ्या गावाला सांगत सुटलेत की पोलिसातल्या एका पोरीने मागून येऊन, चकार शब्द न बोलता, पिस्तूल रोखलं. ‘बर्ट असता तर आधी हाक मारली असती.’ त्यांच्या दृष्टीने ते खरंच आहे, त्यांना हाक आलीच नाही. मी सांगितलं तर म्हणाले, ‘ग्लेंडा, तू नेहमी पोलिसांची बाजू घेतेस, लेक तिकडे आहे ना.’ शेरीफने निरोप पाठवला की त्या मुलीच्या छातीवर कॅमेरा होता, या आणि बघा. तर म्हणाले, आवाज काय, मागाहूनही घालता येतो. आणि कॅमेऱ्यातला तो आवाज लावला तरी त्यांना ऐकू कुठे येणार? कॅफेतले त्यांचे दोस्त तर तेल ओतायलाच बसलेत. येत्या शनिवारी सगळ्यांनी पिस्तुलं लावून, काहींनी रायफली खांद्याला अडकवून, कोर्टाच्या पायऱ्यांसमोर उभं राहायचं, आणि त्या ओचोआला कामावरून काढा म्हणायचं, असं ठरलंय. कायद्याने त्यात काही वावगं नाही. सगळ्यात पुढे कोण? तुझे बाबा. शेरीफ शेजारच्या भागातून जादा पोलीस मागवणार म्हणे. म्हणजे आणखी अनोळखी पोरं, आणखी हाका, आणि मध्ये हा एक माणूस ज्याला एकही ऐकू येणार नाही. मला जेवण जात नाही. पिस्तुलातल्या गोळ्या काढून ठेवाव्यात असंही मनात आलं, पण पिस्तूल रिकामं आहे हे समोरच्या पोराला कसं कळणार? तो हातच बघणार.

कॅफेतल्यांना मी बाबांच्या कानांचं सांगून पाहिलं. ‘लायलचे कान उत्तम आहेत, आमच्या विनोदांना हसतो की,’ म्हणतात. समोरचा हसला की बाबाही हसतात, एवढं साधं त्यांना दिसत नाही. मी मागून हाक मारून दाखवावी म्हटलं, तर माझ्या हाकेला ते लग्न झाल्यापासून कधी वळलेच नाहीत, तो पुरावा कोण धरणार?

म्हणून हे लिहिलंय. तू शुक्रवारी ये. त्यांची माफी मागू नकोस, त्यांनाही मागायला लावू नकोस, ते नंतर तुमचं तुम्ही बघा. वर्दी घालून ये, पिस्तूल मात्र गाडीत कुलपात ठेव. सकाळी ते कुंपणाशी घोड्यांना चारा घालत असतात, फाटकाकडे पाठ करून. फाटकात उभी राहा आणि हाक मार. बाबा म्हणून नको. तुम्हाला शिकवतात तशी, अनोळखी माणसाला मारतात तशी, घसा फुटेस्तोवर. हव्या तितक्या वेळा मार. मग पुढे जाऊन त्यांच्या समोर उभी राहा, आणि किती वेळा मारलीस तेवढंच सांग. माझ्यावर त्यांचा विश्वास नाही, पण त्यांचं मन राखायला तू कधी खोटं बोलत नाहीस, हे त्यांना चांगलं माहीत आहे. त्या ओचोआच्या जागी आपली लेक उभी होती असं त्यांना एकदा दिसू दे. आणि केल्सी, तू हाक मारलीस आणि ते वळले, तर मी खोटी. तसं झालं तर जन्मभर मला खोटी म्हणा, मी आनंदाने ऐकून घेईन.

तुझीच,
आई