डाव्या हाताचे ठोके

गोथेनबर्ग, गुरुवार

प्रिय स्टेलान,

रविवारी तूवाला घेऊन येताना तू बोट धक्क्यावर आदळलीस, म्हणून हे पत्र लिहिते आहे. फोन करणार नाही. फोनवर तू मला हसवतोस आणि मुद्दा राहून जातो. तू पाठवलेला व्हिडिओ मी सात वेळा पाहिला. नात लाइफजॅकेट घालून ऐटीत बसली आहे, ते टिपावं म्हणून तिच्या आजीने, लिस्बेतने, तो धक्क्यावरून काढला असणार. सगळे हसता आहात. तूवा ओरडते आहे, "आजोबा, ब्रेक!" आणि तू म्हणतोस, "बोटीला ब्रेक नसतो गं राणी, आणि आजोबालाही नाही." वाक्य छान आहे. मी मात्र तुझा डावा हात बघत होते. तो इंजिनाच्या दांड्यावर होता. धक्का जवळ आलेला तुला दिसत होता, तू ओरडलासही, पण मूठ फिरवून वेग कमी करायचं काम हाताने मागाहून केलं. तो उशीर मला ओळखीचा आहे. गेली दोन वर्षं मी तो मोजते आहे.

माझ्या कामाची तू कायम टिंगल करतोस. "मी आख्खा हेरिंग मासा पाठवतो आणि माझी बहीण त्याच्या फोडी करून बरणीत भरते," असं तू माझ्या साठीच्या जेवणात सगळ्यांसमोर म्हणालास, आणि लोक टाळ्या वाजवत होते. आज त्या फोडींबद्दल नीट ऐकून घे. तू बोटघरात बसून, कानात टिकटिक लावून, मिनिटाला ब्याण्णव ठोक्यांच्या लयीत ड्रमवर चार आवर्तनं वाजवतोस. ती माझ्या स्क्रीनवर येतात. प्रत्येक ठोका जिथे सुरू होतो तिथे मी खूण करते आणि तिथून तो कापते. मोठे ठोके सॉफ्टवेअर आपण होऊन शोधतं. डाव्या हाताचे हलके ठोके, मोठ्यांच्या मधे कुजबुजणारे, त्याला सापडत नाहीत. ते मी कानाने शोधते. एवढं झालं की तुझं वाजवणं कुणाच्याही लयीत बसतं. माल्मोतली एखादी पोरगी ते ऐंशीवर लावो की एकशेतीसवर, फोडी जवळ सरकतात नाहीतर लांब होतात, ठोक्याचा आवाज आहे तसाच राहतो, आणि तू तिच्या गाण्याला साथ देतोस. ती तुला कधी भेटलेली नसते. यात एक गोष्ट फक्त मला दिसते. ठोका कुठे पडायला हवा होता आणि तू तो प्रत्यक्ष कुठे टाकलास, यातलं अंतर. ते अंतर मी पहिल्या दिवसापासून वहीत लिहीत आले आहे. तुला माझा स्वभाव माहीत आहे.

नऊ वर्षांपूर्वी ती वही सुरू केली तेव्हा तुझा डावा हात आठने मागे होता. सेकंदाचे हजार भाग केले तर त्यातले आठ. मला नवल वाटलं नाही. तू पाच वर्षांचा असताना आईच्या विणकामाच्या सुयांनी मुरंब्याच्या बरण्यांची झाकणं बडवायचास आणि मी शेजारी बसून मोजायचे, तेव्हाही डावी सुई जरा रेंगाळतच यायची. ते आठ पुसून ठोके रेघेवर आणले की तुझं वाजवणं एखाद्या कारकुनासारखं ऐकू यायचं. आपले ठोके विकणाऱ्या कंपनीच्या माणसाने ते सरळ करा म्हणून हट्ट धरला होता. मी त्याला म्हटलं, "सरळच हवं असेल तर यंत्र वापरा, माझा भाऊ कशाला?" तो म्हणाला, "तुमचा भाऊ आळशी आहे का हो?" मी म्हटलं, "आहे, पण त्याचा आळस वेळेवर येतो." ते आठ तसेच राहिले. सात वर्षं ते कधी सातच्या खाली आणि नऊच्या वर गेले नाहीत.

दोन वर्षांपूर्वीच्या शरदात ते चौदा झाले. बोटघरात गारठा असेल असं मला वाटलं. मी तुला लिहिलं, शेगडीत लाकडं घाल, कंजूषपणा करू नकोस. नाताळाच्या सुमाराला एकोणीस. तू म्हणालास, हेडफोन नवे आहेत, सवय व्हायची आहे. मी मान्य केलं. पुढच्या वसंतात सव्वीस, मग अचानक बारा, मग एकतीस, मग एका आवर्तनात एक ठोका पडलाच नाही. काठी कातड्याला टेकली होती, आवाज नव्हता. मागे राहणं ही एखाद्याची ढब असू शकते. कधी बारा आणि कधी एकतीस, ही कुणाचीच ढब नसते. तुझा उजवा हात मात्र आजही जिथल्या तिथे आहे, एकाचाही फरक नाही. तू म्हणशील थंडी, तू म्हणशील वय. थंडी आणि वय दोन्ही हातांना लागतं, स्टेलान.

तेव्हापासून तुझी फाइल आली की मी आधी भांडी घासते. मग खिडक्या पुसते. एकदा तर ती उघडायची वेळ टाळण्यासाठी ट्रामने शेवटच्या थांब्यापर्यंत जाऊन परत आले. तुला हे खरं वाटणार नाही. कॉलेजात ध्वनिशास्त्राच्या वर्गात मी एकटी मुलगी होते आणि कुणाला घाबरत नव्हते. आता घरात एकटी असताना एका बारीक रेघेला घाबरते, की ती आज कुठे उमटेल.

तू पप्पांना आठव. बेअरिंगच्या कारखान्यात सगळ्यात बारीक मापं घेणारा माणूस, आणि एके दिवसापासून डावा हात कायम खिशात. आई त्यांच्या शर्टाची बटणं लावायची आणि म्हणायची, "नव्या शर्टाची काजं फार घट्ट असतात बाई." त्यांचं मटण ती स्वयंपाकघरातच कापून आणायची. ऑगस्टमधल्या खेकड्यांच्या मेजवानीत, जिथे दोन्ही हातांनी फोडल्याशिवाय काही खाता येत नाही, तिथे ती सगळ्यांना सांगायची की यांना आता पचत नाहीत. तीन वर्षं ती असं करत राहिली. पार्किन्सन हा शब्द आपल्या घरात पहिल्यांदा उच्चारला गेला तो पप्पा फॅक्टरीच्या जिन्यावरून पडल्यावर, हॉस्पिटलात. औषध सुरू झाल्यावर त्यांनी स्वतःच्या हाताने दाढी केली आणि त्या दिवशी ते रडले. त्यांच्या अंत्यविधीनंतर मी आईला स्वयंपाकघरात गाठून म्हटलं, "तू त्यांची लाज राखलीस आणि त्यांची तीन वर्षं खाल्लीस." तू दारात उभा होतास. "इंगेला, पुरे," एवढंच म्हणालास. आई कप विसळत राहिली. मी त्या वाक्याची कधी माफी मागितली नाही. मला ते बरोबर वाटत होतं. अजूनही वाटतं, म्हणून पुढचं लिहिणं अवघड जातं आहे.

फेब्रुवारीत तुझा फोन आला होता. तू म्हणालास, "हातात दुसऱ्याच कुणाचा तरी हातमोजा घातल्यासारखं वाटतं गं. काल कॉफीचा कप सुटला. खरं सांगतो, घाबरलो. डॉक्टरला फोनही लावणार होतो. पण मग तू कापून तयार केलेला माझ्या ठोक्यांचा नवा संच लावून ऐकला. काय वाजवलंय मी! एकसष्ट वर्षांचा घोडा, पण डावा हात पंचविशीतला! लिस्बेतलाही ऐकवला." मी हसले. मी म्हटलं, "वेळेवर झोपत जा आणि त्या कपांना कान असतात, त्यांना धरायचं असतं." तू म्हणालास, "बरं, मास्तरीणबाई." आणि फोन ठेवलास.

त्या संचातला डावा हात या वर्षीचा नव्हता. तो तुझाच होता, पण चार वर्षांपूर्वीचा.

सुरुवात एका ठोक्याने झाली. तो न वाजलेला ठोका मला भरून काढायचा होता. माझ्याकडे तुझ्या जुन्या फोडी हजारोंनी आहेत, आणि तोच ड्रम, तीच खोली, तोच माइक. एक जुनी फोड उचलून तिथे बसवली. आमच्या धंद्यात एखाददुसऱ्या ठोक्याला सगळेच असं ठिगळ लावतात, त्यात कुणाला काही वाटत नाही. पुढच्या वेळी अकरा ठिगळं लागली. त्याच्या पुढच्या वेळी मी मोजली नाहीत, आणि मी मोजत नाही म्हणजे काय हे तुला कळेल. फेब्रुवारीच्या संचात अडतीस लूप आहेत, फिरून फिरून वाजवता येणारे तुकडे. त्या सगळ्यांत उजवा हात आणि पाय आजचे, डावा हात सगळाच्या सगळा जुना. सांधे इतके नीट जुळवले की कंपनीला कळलं नाही आणि तुला स्वतःलाही कळलं नाही. मला त्या सफाईचा अभिमान वाटला होता, हेही लिहून टाकते. दर वेळी शेवटचं ठिगळ बसलं की मला आठवडाभर शांत झोप लागायची. मी स्वतःला सांगायचे की कंपनीने संच परत पाठवला तर तुझं मन मोडेल, म्हणून हे करते आहे. कंपनीचा तिथे काही संबंध नव्हता. मला ते अंतर बघवत नव्हतं, म्हणून मी ते पुसत होते.

तेव्हा हे पत्र कशासाठी, ते ऐक. तू फेब्रुवारीत घाबरला होतास आणि डॉक्टरकडे निघाला होतास. तुला माझ्या खोट्या कामाने घरी बसवलं. आठ महिने गेले ते माझ्यामुळे, तुझ्या निष्काळजीपणामुळे नव्हे, आणि तू स्वतःला दोष देत बसू नयेस म्हणून मी हे कागदावर सहीनिशी देते आहे. मी डॉक्टर नाही. माझी वही चुकीची ठरली तर मी तुझ्या बोटघराच्या छपरावर उभी राहून माफी मागेन, आणि इतका आनंद मला आयुष्यात झालेला नसेल. पण या रविवारी तू तूवाला बाहेरच्या खडकांवर सील दाखवायला नेणार आहेस, तिने मला फोनवर तीनदा सांगितलं. तिथे धक्का नाही, उथळ पाणी नाही, आणि बोटीत तुम्ही दोघंच. तो दांडा तुझ्या डाव्या हातात असेल. चार रात्री माझ्या डोळ्यांसमोर तेवढंच आहे. नेऊ नकोस. आधी डॉक्टर. तोपर्यंत तू पाठवलेली एकही फाइल मी कापणार नाही, आणि त्यानंतर जे काही तू वाजवशील ते जसं पडेल तसं ठेवीन, एकतीस असो की साठ. राग येईल. शिव्या द्यायच्या असतील तर इकडे येऊन दे, पण सरकारी बोटीने ये. मी कॉफी करून ठेवीन आणि ऐकून घेईन.

तुझीच,
इंगेला

लिफाफा बंद करण्यापूर्वी, साल्टहोल्मेनच्या धक्क्यावरचा कॅफे, सकाळचे पावणेअकरा. लिस्बेत बेटावरून आली आहे. तिच्या हाती सोपवलं ते असं:

डिस्क एक. तीत तुझी न कापलेली, न दुरुस्त केलेली रेकॉर्डिंग एकशे बारा, नऊ वर्षांची, तारखांसह.
माझी वही. मूळ, प्रत नव्हे.
डॉक्टरांसाठी तक्ता, दोन पानं, दोन्ही हात शेजारी शेजारी.
हे पत्र.

तिच्याकडून मला मिळालं: बोटीच्या इंजिनाची किल्ली, एक. मी अजून काहीच बोलले नव्हते. तिने कोट काढण्याआधीच ती टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "ही तुझ्याकडे राहू दे. मी पहाटेच काढून घेतली."